तोगझानच्या पायांतली दोरी

कुलझिपा आपा बसलेली दिसली, तेव्हाच आर्कादीनं गाडी थांबवली.

बर्फ गुळगुळीत करायची त्याची ती अवजड गाडी रिंगणाच्या मध्यावर तशीच धुगधुगत राहिली. तो उतरला आणि साध्या बुटांनी बर्फावरून चालत कठड्याशी आला. आपा खेळाडूंच्या बाकावर बसली होती. बादली शेजारी, फडकं मांडीवर. इतक्या वर्षांत त्यानं तिला बसलेली पाहिली नव्हती. जवळ जायच्या आधीच मला कळलं होतं, एवढंच तो सांगतो. त्यापुढे काही विचारलं तर गाडीच्या इंजिनाबद्दल बोलायला लागतो.

ओस्केमेन शहराच्या बर्फमहालात अजून कुणी 'आपा गेली' असं म्हणत नाही. 'आपा नाहीये' म्हणतात. जणू कोपऱ्यावर पाव आणायला गेलीय.

आपण का बसत नाही, याचं कारण ती कुणालाही सांगायची. झायसान सरोवराकडे तिचं गाव. ती पहिली पावलं टाकू लागली तेव्हा तिच्या पायांतली दोरी कापली होती जियाश नावाच्या बाईनं. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीला एकत्र पीळ घालायचा, ती दोरी मुलाच्या घोट्यांना बांधायची आणि ज्याच्यासारखं मूल चालावं असं वाटतं त्याच्या हातून कापून घ्यायची, ही कझाकांची घरोघरची रीत. जियाश मेंढ्या कातरायची, घोडीचं दूध काढायची, चहासुद्धा उभ्यानं प्यायची.

"कापली तिनं, आता मी काय करू?" आपा म्हणायची आणि बादली उचलून चालू लागायची.

कुणी हसलं तर तिच्याकडे आणखी पुरावा होता. तिच्या मुलाची, सेरझानची दोरी तिच्या नवऱ्यानं हौसेनं आपल्या दोस्ताकडून कापून घेतली. दोस्त ट्रक चालवायचा. सेरझान मोठा होऊन ट्रकवर गेला. कधी चीनच्या सीमेवर, कधी सायबेरियात. घरी आला तरी जेवताना जाकीट काढायचं विसरायचा.

नवरा जस्ताच्या कारखान्यात होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा आपा कारखान्याच्या खानावळीत बटाटे सोलायची. तिथला धूर नको म्हणून ती बर्फमहालात आली आणि कायमची राहिली. बर्फावरची हॉकी खेळायला येणाऱ्या पाहुण्या संघांच्या खोल्या तिच्याकडे असत. घामानं भिजलेले अंगरखे, ओले हातमोजे, काठ्यांना गुंडाळायच्या चिकटपट्टीची जमिनीवर पडलेली भेंडोळी. ती हे सगळं उचलायची. खेळ मात्र ती बघत नसे. चकती कुठं आहे हे तिला कधी दिसलंच नाही, असं म्हणायची. ती पाय बघायची.

ही गोष्ट ज्या फेब्रुवारीतली, तेव्हा तिची नात तोगझान दोन वर्षांची व्हायला आली होती.

तोगझानच्या खुब्याचं हाड जन्मतःच खोबणीत नीट बसलेलं नव्हतं. आधी किती तरी महिने तिचे पाय पट्ट्यांनी फाकवून ठेवले होते. मग प्लास्टर. मग तेही निघालं. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, हाड बसलंय, आता ही चालेल. पण तोगझान चालेना. सोफ्याला धरून उभी राहायची. सोफ्याच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. सोफा संपला की थांबायची. हात काही सुटायचा नाही.

शेजारणी विचारायच्या, दोरी कधी कापताय? सून अकबोता विषय बदलायची.

"आपा, ती चालायला लागली की करू," ती सासूला म्हणाली. "सगळे तसंच करतात."

"ती वाट बघतेय."

"कुणाची?"

"कुणी तरी दोरी कापायची."

"तिच्या पायांत काही बांधलेलंच नाहीये, आपा!"

"तुला दिसत नाही म्हणून?"

अकबोतानं कणकेवर जरा जोरातच मूठ मारली. "बरं. मग माझ्या दादाच्या हातून करू. नीट माणूस आहे. बँकेत आहे. सरळ चालतो."

"सरळच चालतो. घरून बँकेत, बँकेतून घरी."

"तुमचा मुलगा चीनपर्यंत जातो. पोरगी त्याला ओळखते तरी का?"

आपाला हसू आलं. "म्हणून तर म्हणते, विचार करून माणूस निवडू. पुढल्या आठवड्यात स्पर्धा आहे. फिनलंडची पोरं येणार, लाटव्हियाची, चीनची, सायबेरियातली. जगातले चांगले चांगले पाय माझ्या छपराखाली राहणार, आणि मी बँकेत शोधत बसू?"

"तुम्ही बसणार थोड्याच," अकबोता पुटपुटली.

फेब्रुवारीतली ती ज्युनियर मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे ओस्केमेनचा सण. बाहेर इर्तिश नदीवर वाफ, कारण धरणाखाली ती गोठतच नाही. आत सोळा-सोळा वर्षांची पोरं, गालांवर नुकती लव आलेली, खांद्यावर स्वतःएवढ्या पिशव्या घेऊन. आपा बाउरसाक तळून आणायची. ते गरम फुगीर गोळे ती पाहुण्या खोल्यांत ठेवून द्यायची, आणि कुठल्याही देशाच्या पोराला ते काय आहे हे विचारावं लागायचं नाही.

त्या वर्षी ती बर्फाकडे उघडणाऱ्या दाराशी फडकं घेऊन उभी राहायची आणि एकेक संघ बघायची.

"स्थळं बघतेस काय, कुलझिपा?" आर्कादी गाडीवरून ओरडायचा. "तो फिनलंडचा गोली बघ. भिंत आहे भिंत!"

"जागचा हलत नाही. सोफा आहे आमच्याकडे."

"तो चिनी? छोटा, चपळ."

"सारखा मागे वळून बघतो."

"तुला काय, घोडा विकत घ्यायचाय?"

मग एका सकाळी तिनं आर्कादीला गाडी बंद करायला लावली. सरावाला सायबेरियाचा संघ उतरला होता. इर्तिशच्या खालच्या अंगाला कुठं तरी त्यांचं गाव.

"ऐकलंस?"

"काय?"

"तो लांबडा. अकरा नंबर."

आर्कादीनं कान दिला. इतरांच्या स्केट्सची पाती बर्फ खरवडत होती. अकरा नंबर वळला, उलटा फिरला, दोघांच्या मधून निघाला. "काहीच तर ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"तेच," आपा म्हणाली.

त्याचं नाव सावेली. खोलीत सगळे सावा म्हणत. त्या दिवशीचा त्यांचा सामना संपल्यावर ती बादली घेऊन आत गेली. सावा काठीला काळी पट्टी गुंडाळत होता. आपानं काही प्रस्तावना केली नाही.

"बाळा, माझ्या नातीचं कापशील?"

सावाचा हात थांबला. "काय कापू?"

"पायातलं."

तो घाबरून इकडेतिकडे बघू लागला. कोपऱ्यातून त्यांच्याच संघातला एक कझाक पोरगा ओरडला, "दोरी रे, गाढवा! पायातली दोरी! मान आहे तो. तुझ्यासारखं चाललं पाहिजे पोरीनं, म्हणून."

खोलीत दंगा उसळला. "सावासारखं? मग रोज उशिरा उठेल!" "मोजे कधी धुणार नाही!" "आपा, घोरते का आत्तापासून?"

सावाचे कान लाल झाले. पण तो हसला नाही. शकुनाच्या बाबतीत या पोरांचं असंच असतं. स्पर्धा चालू असताना दाढी करायची नाही, आधी डावाच बूट घालायचा, खोलीच्या मधोमध काढलेल्या संघाच्या चिन्हावर पाय द्यायचा नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "आपा, माझे पाय तिला गेले तर फायनलला मी काय घालू?"

"तुझ्या आईनं तुला पाय दिले. तिचे गेले का?"

"गेले नाहीत. पण दुखतात."

पुन्हा हशा. या वेळी तोही हसला. "बरं. पण फायनल झाल्यावर. आधी नाही."

"फायनल झाल्यावर," आपानं कबूल केलं.

आणि मग तिच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. तिनं नणंदेला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, तिकीटखिडकीतल्या मुलीला सांगितलं. फायनल दुपारी होती आणि ती संपली की सायबेरियाची बस निघणार होती, म्हणून दोरी बर्फमहालातच कापायची ठरली. खोल्यांपासून बर्फापर्यंत काळं रबर अंथरलेलं आहे, पोरांच्या पात्यांना धक्का लागू नये म्हणून. त्यावर पांढरं कापड पसरायचं. तिनं सावासाठी राखाडी लोकरीचे मोजे विणले. कापणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

"त्या ओल्या बोळात?" अकबोता म्हणाली. "घामाच्या वासात?"

"मुलांचा वास आहे. मेलेल्याचा नाही."

यजमान संघ आधीच हरला होता. त्यामुळे फायनलला सगळा महाल सायबेरियाच्या बाजूनं. समोर फिनलंड. आपाची गोष्ट एव्हाना वरच्या बाकांपर्यंत पोचली होती. सावाकडे चकती गेली की बायका ओरडत, "तोगझानचे पाय! पळा, तोगझानचे पाय!" अकबोता लाल कोट घातलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याही चेहऱ्यावरचा राग उतरत चालला होता. शेजारी तिचा बँकेतला दादा टाळ्या वाजवत होता. आपा दाराशी उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती चकतीही बघत होती.

बरोबरी होती. शेवटचं मिनिट. चकती सावाला मिळाली आणि तो सुटला. पुढं कुणी नव्हतं. फक्त गोली. महाल उभा राहिला. पात्यांचा आवाज नव्हता, आपाला तेवढं कळलं.

आणि तो पडला.

कुणी धक्का दिला नाही. कुणी जवळपासही नव्हतं. पाय खालून गेला आणि तो पोटावर घसरत गोलीच्या बाजूनं कठड्यावर जाऊन आदळला. चकती मागे राहिली. फिनलंडच्या एका पोरानं ती काठीवर घेतली, पलीकडे नेली आणि गोल केला.

हजारो माणसं एकदम गप्प झाली की एक विचित्र आवाज होतो. पंख्यांचा, दिव्यांचा. आपानं दाराची कड धरली होती.

बोळात पाहुणे जमले. बाउरसाकच्या परातीवरचं फडकं कुणी काढेना. पलीकडे फिनलंडचं राष्ट्रगीत चालू झालं होतं.

"आता?" नणंदेनं विचारलं.

"आता काय? तो येईल."

"आपा, नाही." अकबोता हळू बोलली, पण प्रत्येक शब्द तोडून. "तो नाही. तुम्हीच सांगता ना, जियाशनं कापली म्हणून तुम्ही बसत नाही. यांची ड्रायव्हरनं कापली म्हणून हे घरी नसतात. मग ही कशी होईल? ऐन वेळी पडणारी? तेही कुणी न ढकलता?" तिनं पोरीच्या खुब्यावर हात ठेवला. "या पोरीनं अजून काय काय सोसायचं?"

 तो आपाचाच नियम होता. आयुष्यभर सांगितलेला.

आर्कादी गाडीवरून उतरून आला होता. "कुलझिपा, आपल्या संघाचा कप्तान आहे ना, दिआस? बाहेरच उभा आहे. चांगला मुलगा. कुणी नाव ठेवणार नाही."

कुणी नाव ठेवणार नाही, हे खरं होतं. आपानं खिशातली दोरी चाचपली. "आणते त्याला," ती म्हणाली आणि निघाली.

दिआसला बोलावायला जायचं तर पाहुण्या खोल्यांवरून जावं लागतं. सायबेरियाच्या खोलीत कुणी बोलत नव्हतं. अंघोळीच्या बाजूनं पाण्याचा आवाज येत होता. नळ उघडा राहिला असेल म्हणून ती आत गेली.

सावा फरशीवर बसला होता. पाठ भिंतीला. सगळं सामान अंगावर, पायांत स्केट्स. फरशीवर स्केट्स घालून कुणी येत नाही, पाती बिघडतात. शेजारचा नळ नुसताच वाहत होता.

आपानं तो बंद केला.

सावानं वर पाहिलं. "दुसरं कुणी तरी बघा, आपा."

तिला एकदम हलकं वाटलं. त्यानंच सोडवलं होतं. आता तिला फक्त मान हलवायची होती. ठीक आहे बाळा, म्हणायचं आणि दिआसकडे जायचं. बोलावलेल्या माणसाला नको म्हणायची वेळ तिच्यावर येणार नव्हती.

"मी हो म्हटलं आणि गेले," तो म्हणाला. "पाय."

तो तिला दोष देत नव्हता. त्याला जे वाटत होतं तेच सांगत होता.  आपानं त्याच्या पायांकडे पाहिलं. त्यानं बूट सोडायचा प्रयत्न केला असावा. नाडीची गाठ ओली होऊन दगडासारखी बसली होती.

ती गुडघे टेकून खाली बसली नाही. वाकली. कमरेतून वाकून, जशी फरशी पुसायची तशी, तिनं एक पाय हातात घेतला. गाठ नखांनी सुटेना. मग दातांनी सैल केली. एक नाडी. मग दुसरी. बराच वेळ लागला. पलीकडचं राष्ट्रगीत संपलं, टाळ्या वाजल्या, त्याही थांबल्या. तिनं बूट ओढून काढले, बाजूला ठेवले. त्याचे मोजे भिजले होते आणि अंगठ्याला भोक होतं.

"चल," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

"मी पडलो, आपा."

"पाहिलं मी."

"मग ती पण पडेल."

 आपाच्या डोळ्यांसमोर घरचा सोफा आला. सोफ्याची ती कड, आणि त्या कडेशी येऊन थांबलेली पोर.

"ती कधी पडलीच नाही," ती सावकाश म्हणाली. "दोन वर्षं होतील. एकदाही नाही. हात सोडतच नाही ना. पडायचं कसं, तेच तिला माहीत नाही."

हे तिनं त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, की तिला खरंच तसं वाटलं, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तोंडातून निघालं. मग वाटलं, असेल."

ती त्याला घेऊन बोळात आली. पायांत नुसते मोजे, अंगावर अकरा नंबर, गळ्यात दुसऱ्या क्रमांकाचं पदक काढायचं राहून गेलेलं. लोक बाजूला झाले. अकबोतानं सासूकडे पाहिलं. आपानं तिच्याकडे पाहिलं नाही. पोरीला खाली घेतलं, पांढऱ्या कापडावर उभं केलं, घोट्यांना दोरी बांधली. तोगझाननं आजीच्या गळ्याला मिठी मारून ठेवली होती.

चाकू आणायचं आपा विसरली होती. आर्कादीनं संघाच्या पेटीतली पट्टी कापायची कात्री आणली.

सावा खाली बसला. कात्री दोरीवर धरली, दाबली. पात्यांवर पट्टीचा डिंक चिकटलेला होता. दोरी नुसती दुमडली.

कुणी तरी श्वास ओढला. नणंद पुटपुटली.

"पुन्हा," आपा म्हणाली.

त्यानं कात्री अंगरख्याला पुसली आणि पुन्हा दाबली. दोरी तुटली. दोन तुकडे कापडावर पडले. सावानं दोन्ही हात पुढे केले. तोगझाननं त्याच्याकडे पाहिलं, मग पदकाकडे. आजीचा गळा सोडून तिनं त्याची बोटं धरली आणि त्याच्याबरोबर चालू लागली. एक पाऊल, आणखी एक. बायका ओरडू लागल्या. कापडाच्या टोकाशी सावानं, सगळे करतात तसे, हात काढून घेतले.

तोगझान धपकन खाली बसली.

ती रडली नाही. तिनं खाली काळ्या रबराकडे पाहिलं, जणू हे इथं कुठून आलं. मग वर पाहिलं. सावाचा चेहरा पांढरा पडला होता.

आपानं परातीतला खाऊ मुठीनं उधळला. "घ्या! घ्या! शुभ झालं!" तिचा आवाज जरा जास्तच मोठा होता. पोरं गोळ्यांवर तुटून पडली. बाहेर बसनं हॉर्न दिला. आपानं सावाच्या हातात मोजे कोंबले. तो काही तरी म्हणाला, पण गोंगाटात ऐकू आलं नाही. बँकेतल्या दादानं फोटो काढले होते. ते पाठवायला अकबोतानं सावाचा नंबर घेतला. चेहरा न हलवता.

 त्यानंतर अकबोता सासूला चहा द्यायची, दुधाचा, तिला आवडतो तसा, आणि आत निघून जायची. सेरझान ट्रक घेऊन आला, सगळं ऐकलं, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ट्रक धुवायला गेला. बर्फमहालात आर्कादी थट्टा करायचा बंद झाला. आपाला तेच जास्त लागलं.

तोगझानला मात्र एक नवीनच नाद लागला होता. ती सोफ्याच्या टोकाशी यायची, हात सोडायची आणि धपकन बसायची. हसायची. मग सोफा धरून उठायची, पुन्हा हात सोडायची, पुन्हा धप. आधी अकबोता धावून जायची, खुब्याला हात लावून बघायची. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पडू द्या. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं तक्रार केली की डोक्यावर कुणी भोपळे टाकतंय. दिवसभर धप, धप. आपा कामावरून आली की दारातून विचारायची, "पडली का आज?" आणि अकबोता इच्छा नसताना उत्तर द्यायची, "पडली."

नौरुझचा, वसंतातल्या नववर्षाचा सण होऊन गेला होता. बर्फ वितळायला लागलं होतं. अकबोता स्वयंपाकघरात कणीक लाटत होती. धप झालं नाही. तिनं थोडी वाट बघितली. तरी झालं नाही. शांतता झाली म्हणून ती दाराकडे वळली, आणि तोगझान दारात उभी होती. सोफा मागे राहिला होता. मधे काहीच नव्हतं, नुसता गालिचा. तिनं आईकडे पाहिलं, आणखी एक पाऊल टाकलं आणि उंबऱ्यावर आपटली.

अकबोतानं आपाला फोन केला, पण बोलता आलं नाही. आपाला वाटलं काही तरी झालं. ती बादली तशीच टाकून, पायांत कामाचे रबरी बूट, बसमधून उभ्यानं घरी आली. दारात अकबोता उभी होती, हाताला पीठ.  आत पोरगी गालिच्यावरून दोन्ही हात पसरून येत होती, बर्फावर पहिल्यांदा उतरलेल्या पोरासारखी.

मग अकबोतानं हात पुसले आणि स्वतःच सावाचा नंबर लावला.

फोन त्याच्या आईनं घेतला. हो, घरी आहे. घरीच असतो. तिकडून आल्यापासून सरावाला गेलेला नाही, खोलीतून बाहेर येत नाही, प्रशिक्षक दोनदा येऊन गेले. तुम्ही कोण? अकबोतानं सासूकडे पाहिलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"सावा? कुलझिपा आपा बोलतेय. आनंदाची बातमी आणलीय. आधी सांग, मला काय देशील?"

चांगली बातमी आणणाऱ्याला मागेल ते द्यावं लागतं. सावाच्या संघात कझाक पोरं होती. त्याला ही रीत ठाऊक होती.

"माझ्याकडे काही नाही, आपा."

"आहे. आधी हो म्हण."

"बरं. हो."

"चालली."

 आपानं फोन कानावर आणखी दाबला.

"कुठवर?" त्यानं विचारलं.

"सोफा सोडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत."

"पडली?"

"पडली तर! दारात पडली. मग भांड्यांत पडली. आत्ता तुझ्याशी बोलतेय तर मांजरावर पडतेय."

पलीकडून एक आवाज आला. तो हसला, की दुसरं काही, हे तिला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

"आता माझं दे," ती म्हणाली.

"काय देऊ?"

"उद्या बर्फावर जा."

 आपानं घाई केली नाही. ती खिडकीशी उभी होती. मागे गालिच्यावर धप झालं.

"हे काय पडलं?"

"तीच. दुसरं कोण पडणार?"

 मग सावा म्हणाला, "सकाळचा सराव सहाला असतो, आपा."

"मग जेव आणि लवकर झोप," आपा म्हणाली. तिनं फोन अकबोताला परत दिला आणि पोरीकडे वळली. तोगझान तिची ती उठत होती.